लेह ते हानले: रोकड, कार्ड आणि रेंज

निघण्याआधी

आम्ही चौघं होतो: आई, दादा, वहिनी आणि मी. ऑगस्टच्या शेवटी लेह, नुब्रा, पँगाँग आणि हानले असा बेत ठरला. गाडी आणि मुक्काम दादाने बघितले, पैशांची बाजू माझ्याकडे आली.

लडाखमध्ये पैशांची तयारी सिमकार्डापासून सुरू होते. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेडच लागतं. बँकेचे ओटीपी ज्या नंबरावर येतात आणि यूपीआय ज्या नंबराला जोडलेलं आहे, तोच नंबर तिथे मुका झाला तर हातात फोन असून उपयोग नाही. हॉटेलच्या वायफायवर यूपीआय चालेलही, पण ओटीपीचा मेसेज वायफायवरून सहसा येत नाही. म्हणून मी माझा नंबर पोस्टपेड करून घेतला. नंबर तोच राहतो. हे काम निघायच्या बरंच आधी उरकावं, कारण सिम बदललं की यूपीआयची नोंदणी बहुधा नव्याने करावी लागते आणि त्यानंतर पहिल्या चोवीस तासांत पाच हजारांच्या वर पाठवता येत नाही. दादाचं पोस्टपेड दुसऱ्या कंपनीचं होतं, ते मुद्दाम तसंच ठेवलं. एकाला रेंज नसेल तिथे दुसऱ्याला असण्याची शक्यता तरी राहते.

मग कार्डं. दोन वेगवेगळ्या बँकांची दोन डेबिट कार्डं आणि एक क्रेडिट कार्ड. एक डेबिट कार्ड माझ्या पर्समध्ये, दुसरं दादाच्या आतल्या खिशात. एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन, टॅप करून पैसे देणं, यांतलं प्रत्येक चालू-बंद करण्याची आणि प्रत्येकाची मर्यादा ठरवण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून ग्राहकाच्या हातात आहे. नव्या कार्डावर टॅपची सोय सहसा बंद असते, ती चालू करून घेतली. पाच हजारांपर्यंत पिन लागत नाही. एटीएममधून दिवसाला किती काढता येतील ती मर्यादाही वाढवून ठेवली. हे सगळं घरच्या इंटरनेटवर दहा मिनिटांचं काम आहे. तिकडे जाऊन करायचं म्हटलं तर ॲप उघडेपर्यंतच रेंज जाते.

लडाखचं पर्यावरण शुल्कही घरूनच ऑनलाइन भरलं आणि पावतीच्या छापील प्रती काढल्या.

सगळ्यात जास्त वेळ नोटांवर घालवला. एटीएममधून पाचशेच्या नोटा येतात आणि दूरच्या गावात पाचशेची मोड मिळवणं ही दुसऱ्याच्या डोक्याला लावलेली कटकट असते. म्हणून बँकेत जाऊन स्लिप भरली आणि शंभराची एक गड्डी मागून घेतली, सोबत थोड्या पन्नासच्या. कॅशियरबाईंनी कारण विचारलं, सांगितल्यावर त्यांनी स्वतःहून बऱ्या नोटांची गड्डी शोधून दिली. घरी आईने एकेक नोट उजेडात धरून फाटकी, चिकटपट्टीची, रंग लागलेली बाजूला काढली. फाटकी नोट बँकेत बदलून मिळते हे खरं, पण बँक दिवसभराच्या वाटेवर असेल तर ती नोट घेणाऱ्याच्या गळ्यात पडते.

हिशेब असा केला. लेह सोडल्यापासून लेहला परत येईपर्यंतच्या सगळ्या मुक्कामांचं भाडं, गाडीची उरलेली रक्कम, वाटेतली जेवणं, प्रवेशशुल्कं, आणि याशिवाय एका जास्तीच्या मुक्कामाचे आणि गरज पडली तर दुसरी गाडी करून लेहला परतण्याचे पैसे. शेवटची रक्कम उंचीच्या त्रासासाठी. चार हजार मीटरच्या वर कोणाला रात्रीत खाली आणायची वेळ आली तर क्यूआर कोड शोधत बसायचं नसतं. प्रत्येक गावाच्या नावाचं वेगळं पाकीट केलं. परतीच्या गाडीचं पाकीट आईच्या पिशवीत औषधांसोबत ठेवलं. त्याला हात लावायचा नाही असं आधीच ठरलं.

पहिला दिवस: लेह

लेह ३,५०० मीटरवर आहे. विमानातून थेट या उंचीवर उतरलं की तो दिवस झोपून काढायचा, आणि आम्ही तेच केलं. हॉटेलने आगाऊ रक्कम कार्डावर घेतली, मशीन एका झटक्यात चाललं. लेहमध्ये रोकड खर्च करू नका, एवढं एकच सांगेन. इथे कार्ड चालतं, यूपीआय चालतं. नोटा पुढच्या वाटेसाठी आहेत.

दुसरा दिवस: लेह

संध्याकाळी मुख्य बाजारात हळूहळू चालत गेलो. बाजारात आणि आसपास बऱ्याच बँकांची एटीएम आहेत. पर्यटनाच्या दिवसांत त्यांच्यापुढे रांगा लागतात, आणि लागून सुट्ट्या आल्या की मशीन रिकामी होतात, असं हॉटेलवाल्यांनी सांगितलं होतं. आम्ही वार बघूनच गेलो होतो. पैसे काढताना पाचशेच्या पटीत न काढता एकोणीसशे, चोवीसशे असे आकडे टाकले. मशीनमध्ये लहान नोटा असतील तर चार शंभराच्या तरी येतात. सप्टेंबर २०२५ पर्यंत पंचाहत्तर टक्के एटीएममध्ये शंभर किंवा दोनशेच्या नोटा हव्यात असं रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी बँकांना सांगितलं, ही चांगली गोष्ट झाली. मात्र दोन दिवसांच्या वाटेवर एकच मशीन असताना ते उरलेल्यांतलं निघालं तर काय करणार?

गाडीची रक्कम ठरवून झाली. लेहमधल्या टॅक्सींचे दर युनियनचे छापील असतात, त्यामुळे घासाघीस नव्हती. अर्धे पैसे तिथेच यूपीआयने दिले, अर्धे परतल्यावर द्यायचे ठरले. चालकांना सगळे आचोले म्हणत होते. आचो म्हणजे मोठा भाऊ आणि मागचा ‘ले’ आदराचा. आईपेक्षा ते लहान होते तरी आईनेही त्यांना आचोलेच म्हणायला सुरुवात केली.

तिसरा दिवस: खारदुंग ला, डिस्किट, हुंडर

खारदुंग ला (ला म्हणजे खिंड) ५,३५९ मीटर. वर दहा मिनिटं थांबलो, आईचं डोकं दुखायला लागलं, लगेच उतरलो. डिस्किटला पोचेपर्यंत ती बरी झाली होती. गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, आणि श्योक नदीच्या खोऱ्याकडे तोंड करून बसलेली ती सुमारे ३२ मीटर उंचीची मैत्रेय बुद्धाची मूर्ती पाहिली. तिकिटासाठी शंभराच्या नोटा पुढे केल्या तेव्हा खिडकीतल्या भिक्खूंच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. आमच्या आधीच्या तिघांनी पाचशेच दिल्या होत्या.

डिस्किट हे नुब्राचं मुख्य गाव, इथे एटीएम आहे. आमच्याजवळची रोकड पुरेशी होती, पण तुर्तुकला एक दिवस जास्त राहावं असं वहिनीच्या मनात होतं, म्हणून आणखी दहा हजार काढून ठेवू म्हटलं. कार्ड घातलं, पिन दाबला, आत नोटा मोजल्याचा आवाज आला, आणि त्याच क्षणी वीज गेली. पडदा काळा. कार्ड बाहेर आलं, नोटा आल्या नाहीत. मिनिटभराने फोनवर मेसेज आला: खात्यातून दहा हजार वजा.

अशा वेळी काय करायचं ते नीट लिहिते, कारण माझ्या मागे उभा असलेला एक मुलगा हे बघून घाबरला आणि अनेकांना यातलं काहीच माहीत नसतं. पहिलं म्हणजे मशीनपाशी थोडं थांबायचं. वीज परतल्यावर अडकलेल्या नोटा कधी कधी बाहेर येतात आणि त्या दुसऱ्याच्या हाती लागायला नकोत. आम्ही जनरेटर सुरू होऊन मशीन पुन्हा उभं राहीपर्यंत थांबलो. मग मशीनवर चिकटवलेला एटीएमचा क्रमांक, वेळ आणि वजा झालेली रक्कम यांचा फोटो काढून ठेवायचा. तक्रार आपल्या बँकेत करायची, मशीन ज्या बँकेचं आहे तिच्याकडे नाही. आणि रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम लक्षात ठेवायचा: एटीएममधून पैसे न येता खात्यातून वजा झाले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने ते स्वतःहून परत जमा करायचे असतात. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही न मागता. मी हेल्पलाइनला फोन लावला, तक्रारीचा क्रमांक वहीत लिहिला आणि निघाले.

दुसऱ्यांदा कार्ड घातलं नाही. दादाच्या कार्डाने बघावं असं त्याला वाटत होतं, पण वीज ये-जा करत होती आणि आणखी दहा हजार अडकवून घेण्यात शहाणपण नव्हतं. तुर्तुकचा जास्तीचा दिवस सोडून दिला. वहिनीला वाईट वाटलं, मलाही वाटलं.

हुंडरच्या मुक्कामी यूपीआयने पैसे द्यायला गेलो तर ‘प्रलंबित’ असं दाखवत चक्र फिरत राहिलं. माझ्या खात्यातून गेले, यजमानांना आले नाहीत. त्यांनी लगेच सांगितलं की पुन्हा पाठवू नका. मी रोख दिले आणि फोनवरचा बारा आकडी व्यवहार क्रमांक त्यांना लिहून दिला: पैसे नंतर तुमच्याकडे आले तर तेवढे मला परत पाठवा, नाही आले तर माझ्याच खात्यात परत येतील. रात्रीत ते माझ्याकडेच परत आले.

चौथा दिवस: तुर्तुक

१९७१ च्या युद्धापर्यंत पाकिस्तानकडे असलेलं आणि २०१० मध्ये पर्यटकांसाठी खुलं झालेलं हे बाल्टी लोकांचं गाव. श्योकच्या काठाने जाणारा रस्ता, जर्दाळूच्या बागा, लाकडी पुलापलीकडची फारोल ही वस्ती. यावर खूप लिहिता येईल, पण मी विषयाला धरून राहते.

ज्या घरी उतरलो तिथे ओसरीच्या खांबावर क्यूआर कोड लावलेला होता, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला. मी तो बघतेय हे पाहून घरच्या ताई म्हणाल्या की चालतो, पण त्यासाठी गच्चीच्या त्या कोपऱ्यात जावं लागतं, आणि तेही दुपारी. त्यांचा मुलगा मला वर घेऊन गेला. गवताच्या पेंढ्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्या पलीकडे भिंतीवर खडूने खूण केलेली होती. त्या खुणेला फोन टेकवला की रेंजच्या दोन रेघा उमटतात, हात खाली घेतला की जातात.

रात्री जेवताना आचोलेंनी जे सांगितलं त्यामुळे माझ्या डोक्यात या सगळ्याची मांडणीच बदलली. मी तोपर्यंत आमची अडचण होऊ नये म्हणून रोकड जपत होते. ते म्हणाले, तुमची अडचण होत नाही, त्यांची होते. रेंज नसली की पाहुणे म्हणतात, लेहला पोचलो की पाठवतो. बरेच जण पाठवतात. काही जण लेहला पोचतात, तिथून विमानाने घरी जातात आणि विसरतात. नंबर लिहून घेतलेला असतो, पण चार खोल्यांच्या घरातली बाई मुंबई-दिल्लीच्या माणसाला दहा वेळा फोन करून मागत बसत नाही. आणि जे पाठवतात त्यांचे पैसे खात्यात येतात, पण खात्यातून हातात यायला डिस्किटला जावं लागतं. पाऊण दिवस जातो, गाडीचं भाडं जातं, आणि त्या दिवशी मशीन बंद असेल तर पुन्हा फेरी. तुर्तुकमधला मजूर, लाकूड आणून देणारा, सगळे रोख मागतात.

हे ऐकल्यावर मला पाकिटांचा वेगळाच आधार वाटायला लागला. सकाळी ताईंच्या हातात तुर्तुकचं पाकीट दिलं. त्यांनी नोटा मोजल्या, शंभराच्या वेगळ्या आणि पाचशेच्या वेगळ्या केल्या, आणि पत्र्याच्या डब्यात दोन रबरबँड लावून ठेवल्या. मग शेजारच्या आजीकडून घेतलेल्या जर्दाळूंचे पैसे मी पन्नासच्या नोटांत दिले. तिच्याकडे फोनच नव्हता.

पाचवा दिवस: पँगाँग

श्योकच्या रस्त्याने दिवसभराचा प्रवास. रस्ता नदीच्या पात्रालगत जातो, पाणी वाढलं तर तासन्‌तास थांबावं लागतं. आम्हाला मोकळा मिळाला. वाटेत टायर पंक्चर झालं, स्टेपनी लावून पुढे गेलो आणि मिळाला त्या पहिल्या टपरीत पंक्चर काढून घेतलं. रोख.

पँगाँगच्या काठचे मुक्काम सौरऊर्जेवर आणि जनरेटरवर चालतात, वीज संध्याकाळी ठरावीक तास. कार्डाचं मशीन एका ठिकाणी टेबलावर दिसलं, त्यावर कापड घातलेलं होतं. ४,२०० मीटरच्या वर थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, माझा फोन रात्री उशाखाली घेऊनही सकाळी वीस टक्क्यांवर आला होता. ज्याचा सगळा पैसा फोनमध्ये आहे त्याने हे लक्षात घ्यावं.

सहावा दिवस: चुशूल मार्गे हानले

मेराककडून चुशूलला आलो. रेझांग ला स्मारकापाशी थांबलो. १८ नोव्हेंबर १९६२ ला मेजर शैतान सिंग आणि त्यांच्या तुकडीने चिनी सैन्याशी इथे जी झुंज दिली ती वाचून दादा बराच वेळ काही बोलला नाही. आई नमस्कार करून एकटीच भिंतीवरची नावं वाचत उभी होती.

पुढे त्सागा ला ओलांडून लोमामार्गे हानलेला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं.

सातवा दिवस: हानले

इथल्या टेकडीवर ४,५०० मीटरवर भारतीय खगोलीय वेधशाळा आहे, दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण तिथेच. २०२२ च्या डिसेंबरात हा परिसर गडद आकाश राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्याबरोबर गावातल्या तरुण-तरुणींना दुर्बिणी आणि प्रशिक्षण मिळालं. संध्याकाळी तीच मंडळी पाहुण्यांना आकाश दाखवतात. गावात राहून, गावातल्याच अंधारावर मिळणारं हे उत्पन्न आहे. मला हानलेतली सगळ्यात मोलाची गोष्ट ती वाटली.

आम्हाला दाखवणारी मुलगी पंचविशीतली होती. तिने दुपारीच येऊन सांगितलं: जाड कपडे घाला, पांढरा टॉर्च आणू नका, फोन बाहेर काढू नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि एका पडद्याच्या उजेडाने सगळ्यांची ती सवय मोडते. मग पैसे कसे घेता, असं मी विचारलं. ती म्हणाली, रात्री कोणी फोन काढून पैसे द्यायला लागलं की पुढच्या गटाचं अर्धं आकाश वाया जातं, म्हणून उजेडातच द्या. मी तिथेच, अंगणात, बरोबर रक्कम मोजून दिली. रात्री शनीची कडी पाहिली, आईने दुर्बिणीला डोळा लावला आणि बाजूला व्हायला तयारच होईना.

हानलेच्या घरच्या आमालेंना (आमा म्हणजे आई) पैसे देताना एक पाचशेची नोट त्यांनी परत केली. कोपऱ्यावर बारीकशी चीर होती, माझ्या नजरेतून निसटलेली ती लेहच्या एटीएमची नोट असणार. त्यांनी काही न बोलता बोट ठेवलं, मी बदलून दिली. न्योमाला जाऊन ही नोट बदलायची तर त्यांची सकाळ जाते.

आठवा दिवस: परत लेह

न्योमा, माहे, चुमाथांगचे गरम पाण्याचे झरे, आणि सिंधूच्या काठाने खाली. वाटेत फोनला रेंज आली आणि एकामागून एक मेसेज वाजायला लागले. त्यांत बँकेचाही होता: दहा हजार जमा. डिस्किटच्या व्यवहारानंतरचा पाचवा दिवस. नियमाच्या शेवटच्या दिवशी आले, पण आले, आणि मला बँकेत पाऊलही टाकावं लागलं नाही.

लेहला आचोलेंना उरलेले पैसे द्यायचे होते. त्यांना कसे हवेत ते विचारलं. अर्धे खात्यात, अर्धे रोख, असं ते म्हणाले. गाडीचा हप्ता खात्यातून जातो, डिझेल आणि घरखर्च रोखीने. तसेच दिले.

नववा दिवस: लेह, आणखी एक रात्र

लेहची बहुतेक विमानं सकाळी उडतात, दुपारी वारे सुटतात. त्या सकाळी ढग खाली आले आणि आमचं उड्डाण रद्द झालं, दुसऱ्या दिवशीची जागा मिळाली. हॉटेलची आणखी एक रात्र क्रेडिट कार्डावर गेली, मशीन पहिल्यासारखंच झटक्यात चाललं. विमानतळावर आमच्याशेजारी बसलेलं एक जोडपं फोनवर नातेवाइकांना पैसे पाठवायला सांगत होतं. त्यांचं सिम प्रीपेड होतं, ओटीपी येत नव्हता, आणि हातातली रोकड पँगाँगला संपली होती. दादाने त्यांना हॉटेलपर्यंतच्या टॅक्सीचे पैसे दिले, आणि वहिनीने तिच्या फोनवरून त्यांना घरच्यांशी बोलू दिलं.

परतीच्या गाडीचं पाकीट उघडावंच लागलं नाही. आईने ते संध्याकाळी माझ्याकडे दिलं. जास्तीच्या मुक्कामासाठी ठेवलेली रोकडही शिल्लक होती. तुर्तुकला येत्या वर्षी पुन्हा जायचं वहिनीने तेव्हाच ठरवून टाकलं, या वेळी दोन रात्री, आणि त्या दोन्ही रात्रींचे पैसे घरूनच शंभराच्या नोटांत न्यायचे.